चार कॉम्प्युटर आणि आत मी एकटी

आता कसं सांगू तुम्हाला, हसाल तुम्ही! पावणे गावातल्या एका रबर कारखान्यात तीन मोठी माणसं अख्खा दिवस माझ्या भीतीवर चालली होती, आणि मला पत्ताच नव्हता.

आमच्या ऑफिसात चार कॉम्प्युटर. चार कंपन्यांचे. आतली सिस्टीम कुणाची जुनी, कुणाची नवी, कुणाची भलतीच. स्टोअरच्या शिंदेकाकांनी केलेलं लेबल माझ्याकडे उघडलं की मराठीच्या जागी नुसत्या चौकटी! डिस्पॅचच्या म्हात्रेताईंची यादी आमच्या नाईक सरांकडे उघडायचीच नाही.

मी खिडकीतून खाडीकडे बघत बसायची. कुठून कुठून येऊन फ्लेमिंगो त्याच पाण्यात उतरतात, कुणी कुणाला विचारत नाही, तू कुठल्या कंपनीचा? मग मला वाटायचं, कॉम्प्युटर कुणाचाही असो, आत एकच सिस्टीम असावी. काकांचं अक्षर अलगद तरंगत माझ्या स्क्रीनवर यावं, न फुटता.

"पंखा कुठल्याही कंपनीचा घ्या, बटण तेच ना?" मी एकदा बोलून गेले.

"पन कुकरचं झाकन दुसऱ्या कुकरला बसतं का गो?" म्हात्रेताई.

"म्हणूनच तर घरोघरी तीन-तीन कुकर पडलेत, ताई!"

हे नेमकं नाईक सरांनी ऐकलं. मी इतकी दचकले की चहा कीबोर्डवर! सर म्हणाले, "कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारी एक सिस्टीम फुकट मिळते ना? टाक चारही मशीनवर. सोमवारी लेबलं नीट निघाली पाहिजेत. चार वाजता केबिनमध्ये ये, तुला कायम करायचं की नाही ते तेव्हाच बघू."

मी सहा महिन्यांच्या ट्रायलवर होते हो! शनिवारी बसून टाकली सिस्टीम. चारही पडद्यांवर तेच निळं आकाश. काय सुंदर दिसत होतं! फक्त प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करताना 'चूक' असं लाल अक्षरात आलं आणि मी घाबरून ते बंदच केलं. म्हणून सगळीकडे माझंच लॉगिन टाकलं. एकच तर करायचं होतं सगळं!

सोमवारी लेबलं सर्रकन निघाली. मी हवेत. अकरा वाजता शिंदेकाका उठून गटागट पाणी प्यायले.

"काय झालं, काका?"

"मशीन म्हनतंय, पानी पी, काही होत नाही. लई मायाळू हाय बग ह्यो!"

एक वाजता म्हात्रेताई आईशी फोनवर बोलत होत्या. तीन वाजता काचेआड सर खांदे गोल गोल फिरवत होते. मला भरून आलं. किती प्रेमळ सिस्टीम ही! जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांत का नसावी?

चार वाजता केबिनमध्ये गेले. सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"सकाळपासून पाणी पितोय. खांदे सैल सोडले. आईला फोन केला, तर इतक्या दिवसांनी का म्हणून ती रडली. आणि आता हे वाच."

'घाबरू नकोस. समोर माणूस नाही, भरताचं वांगं आहे.'

माझी अक्षरं! मीच मला धीर यावा म्हणून वेळ लावून ठेवलेल्या सूचना. लॉगिन माझं, म्हणजे त्याही तिघांना सारख्या वाटल्या गेलेल्या.

"हे वांगं कोण?" सरांनी विचारलं.

खोटं सुचायला डोकं ताळ्यावर असावं लागतं. "तुम्ही, सर."

मनात मी घरी पोचून नोकरी गेल्याचं आईला सांगूनही टाकलं.

"लेबलं सगळी गेली?"

"गेली, सर."

सरांनी कागद ओढला आणि सही केली. "कायम. पण प्रत्येकाचं लॉगिन वेगळं कर आधी. आणि एक सांग, दिवसभर आम्हा सगळ्यांना हे दिसत होतं. तुझ्या मशीनवर नाही आलं?"

"नाही, सर. माझ्या मशीनवर मी ते बंद ठेवलंय," मी म्हणाले. "टुण्ण वाजलं की दचकायला होतं."