पीटरा, इचार तेका

मला इंग्रजी बोलायला शिकवण्यासाठी मी जो माणूस शोधून काढला, त्याला इंग्रजी येत नव्हतं.

त्याचं नाव पीटर. डच होता, मालवणच्या बंदरावर बसून होड्यांची चित्रं काढायचा. त्याला इंग्रजीचा सराव हवा होता आणि मलाही. दोन बुडणाऱ्यांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकावे, तसा आमचा करार झाला: सकाळी इंग्रजी, संध्याकाळी डच. राहायला आचऱ्यात आमची पडवी.

गरज माझीच मोठी होती. गोव्यातल्या एका हॉटेलात कारकुनाची जागा निघाली होती. इंग्रजी हवंच, आणि तिथे डच पाहुणे येत असल्यामुळे त्यांच्या भाषेतले चार शब्द आले तर बरंच. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबांचं आयुष्य रापण ओढण्यात गेलं, म्हणजे समुद्रात सोडलेलं भलंमोठं जाळं किनाऱ्यावरून दोराने खेचण्यात. त्यांनी मुदत दिली होती, "शिमग्यापर्यंत बघ. नायतर रापणीर ये."

इथवर सगळं ठीक होतं. पण बाबांचा माणसांपेक्षा देवावर भरवसा. ते मला गावच्या देवळात घेऊन गेले आणि गावकरांना, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या मानकऱ्यांना, गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गावकर जुने, आवाज खणखणीत, आणि ऐकायला निम्मा गाव जमलेला. त्यांना चेव आला.

"बा देवा म्हाराजा, ह्या झिलाची जीभ इंग्रजीत चलू दे!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"आणि ती चले तवसर गावातल्या कोणी तेच्याशी मालवणीत बोलूचा नाय, आणि तेना पण बोलूचा नाय!"

हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण गाव पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळा झाला, आणि देवासमोर गेलेला शब्द परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

आता गावात इंग्रजी येणारा एकच, तोही मी, आणि मलाही येत नव्हतं. म्हणजे माझ्याशी बोलणारं कुणी उरलंच नाही. पहिल्या दिवशी आई ताटासमोर भाताचं भांडं घेऊन नुसती उभी राहिली. मी खुणेने नको म्हटलं, तर तिने डबल वाढला. दुसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. पीटर काही गावातला नव्हता.

"पीटरा, इचार तेका, भात व्हयो काय?"

पीटर माझ्याकडे वळला. "भात व्हयो काय?"

युक्ती गावभर पसरायला एक दुपार लागली. मासे विकणारी काकी पीटरमार्फत मला बांगड्यांचा भाव सांगू लागली. न्हावी त्याला विचारून माझे केस कापू लागला (पीटरच्या आवडीने कापले, हे वेगळं सांगायला नको). बाबा शिव्यासुद्धा त्याच्याकडे पाठवत, आणि तो त्या इमानदारीने, बाबांच्याच सुरात, माझ्यापर्यंत पोचवी. सकाळचं इंग्रजी बंद पडलं, कारण सकाळी पीटरला निरोप फार. डच मी दोन शब्द शिकलो, आणि ते कुणासमोर म्हणण्यासारखे नव्हते. महिनाभरात पीटर माझ्या आईशी नारळाच्या भावावरून भांडू लागला. मी मात्र मुका झालो होतो.

अशा तयारीने मी पणजीला मुलाखतीला गेलो. समोर तिघे साहेब. मधल्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. प्रश्न मला चक्क समजला. पण सवय वाईट. मी डावीकडे वळलो आणि पीटर काय म्हणतो त्याची वाट पाहत बसलो. डावीकडे कपाट होतं. साहेबांनीही थोडा वेळ कपाटाकडे पाहिलं, मग मला जायला सांगितलं.

घरी आलो तर अंगणात सगळे बसलेले. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पीटरा, इचार तेका, काय झाला?"

पीटरने तोंड उघडलं, आणि माझा महिनाभराचा राग उसळून आला. मी थेट बाबांकडे बघून ओरडलो, "आय डिड नॉट गेट द जॉब!"

वाक्य पुरं, स्वच्छ, कुठेही न अडखळलेलं. मग आईने पदर डोळ्यांना लावला. "बोललो गो बाय! झील माझो इंग्रजीत बोललो!"

लगेच देवळात नारळ फुटला. गावकरांनी देवाचे आभार मानले, गावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि माझं मौन सुटलं. घरी परतल्यावर बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि महिन्याभरानंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले.

"बरा बोललस. आता उद्या रापणीर ये."

मी पीटरकडे पाहिलं. निदान आता तरी त्याने माझ्या बाजूने दोन शब्द बोलावे. त्याने रापणीच्या दोराला तेल लावत विचार केला आणि म्हणाला, "लवकर ये हां. उशीर केलंस तर तुका मासळीचो वाटो मेळाचो नाय."