खडीच्या ढिगावरच्या बोरसे बाई

बोरसे बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, दुर्बीण होती. शाळेत, भाजीबाजारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा. दोंडाईच्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला नव्यानं रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या काळ्या अवजड वस्तूकडे टक लावून बघत राहिले. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. "लोकांना विधवेच्या गळ्याकडे बघायची सवय असते," त्या चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या. "बघायचंच आहे, तर तिथं काहीतरी बघण्यासारखं असावं. घे, तूही बघ." आणि दुर्बीण काढून त्यांनी माझ्या हातात दिली. खिडकीबाहेरच्या निंबावर एक राखाडी, डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखा पक्षी बसला होता. तो खाटीक, हे मला त्या दिवशी कळलं. बाई काय चीज आहेत, हेही थोडंफार कळलं.

त्या विज्ञान शिकवत. नवरा लग्नानंतर लवकरच वारला. सासरच्यांनी शिरपूरला परत पाठवलं, तर माहेरी न राहता त्यांनी बी. एड. केलं, नोकरी धरली आणि एकटीनं खोली घेतली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्यांची लुना बाहेर पडे, ती रविवारी संध्याकाळपर्यंत तापीकाठच्या वाटांवर आणि शिवारातल्या गाडरस्त्यांवर फिरत राही. मागे मी. मला ऊन सोसत नाही, खाचखळग्यांनी माझी कंबर धरते आणि चंडोल नि चिमणी यांतला फरक मला आजही धड सांगता येत नाही. तरी मी जायचे, कारण आठवडाभर शाळेत दबकून वागल्यावर दोन दिवस बाईंच्या मागे बसणं ही चैन होती.

ते दिवस रविवारी सकाळी टीव्हीवरच्या मालिकेसाठी अख्खं गाव घरात बसण्याचे होते. रस्ते ओस पडत. बाई खूश. "बघ, देवाच्या कृपेनं माणसं आत आहेत, पाखरं बाहेर," म्हणायच्या. कुठेतरी बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची आणि ठेच्याची शिदोरी सोडायचो. मी उठायची घाई केली की त्या म्हणत, "पक्षी बघायला नुसते डोळे नाही लागत, ढुंगण टेकून बसायची तयारी लागते."

गावात कुजबुज होतीच. एकदा मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. मी तिथेच हजेरीपट घेऊन उभी होते. सर म्हणाले, "बाई, पालक विचारतात हो. बाईमाणूस, गळ्यात दुर्बीण, रानोमाळ फिरणं..." बाई म्हणाल्या, "पालकांना सांगा, बोरसे बाई तुमच्या घरात नाही बघत, बाभळीत बघतात. त्यांच्या घरात बघण्यासारखं काही असेल तर त्यांनी कळवावं, मी येईन." सर हसले नाहीत. पुन्हा त्यांनी तो विषयही काढला नाही.

पण बाई नुसत्या तिखट जिभेच्या नव्हत्या. ते मला एका चैत्रात कळलं.

आमच्या नेहमीच्या वाटेवर एक आडगाव होतं. फाट्यापासून गावापर्यंत नुसता चिखलाचा गाडरस्ता. पावसाळ्यात एसटी बंद, दूधवाला बंद. कितीतरी वर्षं अर्ज करून त्या गावाला रस्ता मंजूर झाला होता. कडेनं खडीचे ढीग पडले होते, आणि त्यांतल्या एका ढिगाच्या माथ्यावर टिटवीनं चार अंडी घातली होती. खडीच्याच रंगाची. बाईंनी दाखवली नसती तर मी त्यांवर पाय दिला असता. आम्ही दोन-तीन आठवडे लांबून ती बघत होतो. त्या शनिवारी गेलो तर रोलर जवळ आलेला. दुसऱ्या दिवशी मजूर तो ढीग पसरणार होते.

रविवारी उजाडता उजाडता बाई त्या ढिगाशेजारी छत्री उघडून बसल्या. टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडत होती. बाई तिला म्हणाल्या, "ओरड बाई, ओरड. मी तुझ्याच बाजूची आहे, पण तुला ते कसं कळणार?" मजूर आले, मुकादम आला, आणि मग गावातली माणसं आली. मुकादम म्हणाला, "बाई, अंडी उचलून बाजूला ठेवतो." बाई म्हणाल्या, "बाजूला ठेवली तर ती त्यांच्यावर पुन्हा बसेलच असं नाही. हा ढीग सोडा आणि पुढं जा." मुकादमानं कपाळावर हात मारला. प्रत्येक ढीग त्याच्या समोरच्या तुकड्यासाठी होता. तो सोडला तर रस्त्यात तेवढा खड्डा राहणार, आणि रोलर काही परत येणार नव्हता.

एक बाई गर्दीतून पुढे आली. तिच्या आवाजात राग होता आणि तो खोटा नव्हता. "बाई, आमना आजारी मानूसले खाटलावर टाकीसन फाटापावत न्हेनं पडस. तुमले अंडा दिसतस, आमले रस्ता दिसस." माझी मान खाली गेली. बाईंची गेली नाही, त्या छत्री धरून तिथेच बसून राहिल्या.

तेव्हा झिपरू आबा पुढे सरकले. गावातला सगळ्यात जुना माणूस, शब्दाला वजन असलेला. त्यांनी ढिगाकडे नीट पाहिलं आणि बाईंच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, मी बठ्ठासले सांगस. टिटवीनी उच्चा जागावर चार अंडा देयेल शेतस. चार अंडा म्हंजे चार महिना पानी. कोनी हात लावाव नही."

खानदेशात हे सगळेच मानतात. टिटवीची अंडी उंचावर दिसली की शेतकरी खूश, खोलगटात दिसली की चिंतेत. आबांनी एवढं सगळ्यांना सांगितलं असतं तर मुकादमाचंही काही चाललं नसतं. मी बाईंचा पदर ओढला. म्हटलं, "बाई, हो म्हणा."

बाई उभ्या राहिल्या. "नाही आबा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "खडी उंच टाकली म्हणून अंडी उंचावर आहेत. त्यात तिला पावसाचं काही कळत नाही. आज तुम्ही शुभ म्हणून तिला वाचवाल आणि पाऊस नाही आला तर अशुभ म्हणून दगड मारील कुणीतरी. रात्री ओरडली तर मारताच की. मला दोन्ही म्हणून झालंय, आबा. सून म्हणून आले तेव्हा लक्ष्मी होते, वर्षभरात पांढऱ्या पायाची झाले. मी तीच होते." मग त्या मघाच्या बाईकडे वळल्या. "तुमचं खरं आहे. रस्ता पाहिजेच. म्हणून सांगते, एवढा तुकडा सोडा. पिल्लं निघाली की तो मी भरीन. माझ्या हातानं."

"आनि रोलर?" कुणीतरी हसून विचारलं.

"धुम्मसानं ठोकीन."

आता सगळेच हसले. मास्तरीण बाई खडी ठोकायला अवजड धुम्मस उचलणार! पण आबा हसत नव्हते. पावसाचा शकुन नाकारणारं माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. ते मुकादमाला म्हणाले, "सोडी दे. बाई बोलनी शे. देखूत." आणि बाईंना बजावलं, "नही भरा, तं या गावमा पाय ठेवानं नही." बाईंनी मान हलवली.

पुढच्या शनिवारी शाळा सुटताच आम्ही गेलो. ढिगावर टरफलांचे तुकडे होते, ओलसर, दातांनी फोडलेले. मुंगसाचं काम. टिटवी कुठेच नव्हती. मला तिथेच रडू आलं. एवढा तमाशा, एवढं ऊन, सगळ्यांचे बोल, आणि हाती हे. बाई उकिडव्या बसल्या. त्यांनी एक टरफल उचललं, पुन्हा होतं तिथेच ठेवलं. डोळे त्यांचेही भरले होते. "मुंगसाला पोट आहे," त्या म्हणाल्या. "माणसानं मारली नाहीत. माझ्या हातात तेवढंच होतं." मग उठून त्यांनी पदर खोचला आणि गावात घमेलं आणि धुम्मस मागायला गेल्या.

झिपरू आबा त्यांच्या मागोमाग आले. "अंडा तं गयात, बाई. आते कसाले?"

"शब्द अंड्यांना नव्हता दिला, आबा. तुम्हाला दिला होता."

ती दुपार आणि दुसरा सगळा दिवस आम्ही खडी पसरली, वर मुरूम टाकला, पाणी मारलं. आम्ही म्हणजे बाईंनी. मी घमेली भरली आणि कुरकुर केली. बाई धुम्मस उचलत आणि आपटत राहिल्या, थांबल्या नाहीत. रविवारी ऊन चढल्यावर ती रागावलेली बाई घमेलं घेऊन आली आणि आमच्याबरोबर खडी टाकू लागली. एका तरुणानं बाईंच्या हातातून धुम्मस घ्यायला पाहिलं, तर त्याच्याकडे बाईंनी असं काही पाहिलं की तो पाणी आणायला पळाला. सोमवारी त्यांच्या तळहातांना इतके फोड होते की खडू धरवेना. सरांनी विचारलं, काय झालं? बाई म्हणाल्या, "रस्ता केला." सरांना वाटलं, चेष्टा करताहेत.

त्या साली पाऊस कसा झाला, ते मला आठवत नाही. कुणी तो विषय काढला की बाई चिडायच्या, म्हणून लक्षात ठेवायची सोयच नव्हती.

पुढं बरीच वर्षं आम्ही फिरलो. शेवटी कावीळ झाली आणि आठ दिवसांत बाई गेल्या. मला अजूनही त्यांचा राग येतो, इतक्या लवकर जायचं काही कारण नव्हतं. माहेरचे दोघे-तिघे आले होते, शाळेतले आम्ही. आता उचलणार, एवढ्यात गल्लीत एक ट्रॅक्टर येऊन थांबला आणि ट्रॉलीतून माणसं उतरली, बायाही. सगळ्यात पुढे काठी टेकत झिपरू आबा. मुख्याध्यापक गोंधळले. त्यांनी अदबीनं विचारलं, "आबा, आपण बाईंचे कोण?"

आबांनी टोपी नीट केली. "कोनी नही," ते म्हणाले. "बाईनी आमना रस्तावर काम करेल शे."