दिवे वाढवा

आमच्या गल्लीत वीज बचतीच्या मोहिमेचं उद्घाटन झालं ते हॅलोजनच्या उजेडात. सोसायटीच्या अध्यक्षांना भाषण करताना आपला चेहरा लोकांना नीट दिसायला हवा असतो. त्यांनी समई पेटवली, ऊर्जेचं महत्त्व सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला गल्लीला वीज पुरवणाऱ्या डीपीचा फ्यूज उडाला. टाळ्या पडल्या. त्या भाषणाला होत्या की फ्यूजला, हे मी विचारलं नाही.

सोलापुरात एप्रिलमध्ये संध्याकाळी फ्यूज उडणं ही बातमी नव्हे. घरोघरी कूलर, पाण्याच्या मोटारी, इस्त्र्या एकदमच सुरू होतात आणि कोपऱ्यावरची डीपी मान टाकते. पण या वर्षी समोरच्या काकूंची लेक बाळंतपणाला आली होती. नात झाली होती, आणि जावई पुण्याहून रोज फोनवर एकच विचारायचे, "पंखा चालू आहे ना?" शेवटी त्यांनी सांगून टाकलं की बारशाला गाडी घेऊन येतो, तिथं अशीच लाईट जात असेल तर दोघींना घेऊनच जातो. काकूंना लेक आणि नात निदान सव्वा महिना तरी माहेरी हवी होती. त्यामुळे अध्यक्षांची मोहीम काकूंनी मनावर घेतली, आणि मोहीम पहिल्यांदाच मोहिमेसारखी दिसू लागली.

अध्यक्षांनी फ्लेक्सचा मजकूर आणला, 'नको असलेले दिवे विझवा.' काकूंनी तो वाचला.

"घरात बाळंतीण हाय, आणि दारासमोर 'दिवे विझवा' लावताय व्हय?"

"मग काय लिहायचं, काकू?"

"दिवे वाढवा म्हणावं की. चांगलं बोलावं."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. वर अध्यक्षांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'चला, दिवे वाढवा.' शुद्धलेखन मी तपासलं होतं. ते निर्दोष होतं.

त्या संध्याकाळी गल्लीत दिवाळी झाली. लोकांनी माळा काढल्या, गच्चीवर, पोर्चमध्ये, असतील तिथले दिवे लावले. एकाने तर हॅलोजन परत केलाच नव्हता, तोही लावला. अर्थात डीपी गेली. अंधारात सगळे रस्त्यावर आले. आत बाळ रडत होतं आणि लेक विंझणा हलवत होती.

"कुणी सांगितलं हो एवढे दिवे लावायला?" काकूंनी विचारलं.

"बोर्डावर लिवलंय की, अक्का," शेजारच्या तेलुगू वहिनी म्हणाल्या. "आमाला वाटलं, बाळ आलंय म्हणून."

"अगं, वाढवायचे म्हणजे घालवायचे. देवापुढं नारळ वाढवतेस तेव्हा नारळ मोठा होतो का?"

वहिनींनी पदरानं वारा घेतला. मग म्हणाल्या, "मग 'बिल वाढवा' म्हणायचं होतं, अक्का. बिलाची भीती दाखवली असती तर एकानं पण बटण दाबलं नसतं."

हसण्याच्या त्या लाटेत जे ठरलं ते कुठल्याही सभेत ठरलं नसतं. मोटारी सकाळी लावायच्या. इस्त्री दुपारी. आणि संध्याकाळी दोन-तीन घरांनी मिळून एकच कूलर लावायचा, सगळ्यांनी त्याच्यासमोर बसायचं. मी ज्या कूलरच्या वाट्याला आलो तिथं शेंगा मिळत आणि शेजाऱ्यांची निंदाही. ऊर्जा बचतीचे हे फायदे पत्रकांत कुणी लिहीत नाही.

रोज दिवेलागणीला काकू गल्लीतून फेरी मारत. "वाढवलं का?" घराघरांतून उत्तर येई, "वाढवलं." फक्त अध्यक्ष म्हणत, "वाढवतो." त्यांच्या फाटकावर नावाची पाटी होती आणि पाटीभोवती बल्ब होते. नाव अंधारात ठेवणं त्यांना जड जात होतं. काकूंनी एकदाच सांगितलं, "साहेब, तुमाला कोण ओळखत न्हाय हितं?" पाटी त्या दिवसापासून वाढली.

पंखा थांबला नाही. बारशाच्या संध्याकाळी काकूंच्या घरात तेवढा उजेड, पाळणा सजलेला, बाकी गल्ली काळीभोर. जावयांची गाडी वळली आणि दारात थांबली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गेली ना लाईट?"

"गेली न्हाय, वाढवलीया," काकू म्हणाल्या. "तुमी पण गाडीचे दिवे वाढवा बघू. बाळाच्या डोळ्यांवर येतंय."

जावयांनी आज्ञाधारकपणे दिवे अप्परवर टाकले. पाळणा, बायका, घुगऱ्यांचं पातेलं आणि अध्यक्षांचा नवा सदरा, सगळं पांढरंफटक उजळलं. गल्ली इतकी हसली की जावयांना उतरून कारण विचारावं लागलं. ते त्यांना चौघींनी एकदम सांगितलं.

मग ते आत जाऊन पाळण्यापाशी उभे राहिले. बराच वेळ बाळाकडे नव्हे, वर पंख्याकडे बघत होते. तो फिरतच राहिला. सकाळी मोटारी लावायच्या वेळी त्यांची गाडी पुण्याला निघाली. मागच्या सीटवर शेंगाचटणीचे डबे होते, माणूस कुणी नव्हतं.