लोहकंठासुर पडेना

गोजाबाई नको तिथं हसली आणि ज्ञानबाचं काम गेलं.

पंचाहत्तर सालचं नवरात्र होतं. भवानी पेठेतलं मंडळ दर वर्षी सातव्या माळेला देवीपुढं नाटक लावायचं, आणि नाटक दर वर्षी तेच असायचं. लोहकंठासुर नावाचा राक्षस वर मिळवतो, तिन्ही लोक जिंकतो, ऋषींच्या दाढ्या उपटतो, राजाला खांबाला बांधतो आणि शेवटी देवी येऊन त्याच्या छातीत त्रिशूळ घालते. देवीचं काम सिद्धाराम करायचा. पेठेतच त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. अंगानं काडी, आवाज बायकी. राक्षस मात्र कल्लप्पाचा. सहा फूट उंची, दंड असे की पत्र्याचे बाजूबंद दोऱ्यानं वाढवून बांधावे लागत. दिवसा तो मिलमध्ये मागांच्या खात्यात जॉबर होता. फाटकाशी उभ्या असलेल्या बदली कामगारांतून आज कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला माघारी पाठवायचं, हे त्याच्या बोटावर होतं. त्यामुळं पेठेतले निम्मे पुरुष नाटकाला घाबरूनच येऊन बसत.

गोजाबाई पेठेत नवी होती. बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडं तिची मेंढरं संपली, तशी ती सोलापूरला आली. आपण बायकोला शहरात आणलं असं ज्ञानबा चारचौघांत सांगायचा. खरं तर तीच त्याला ओढत घेऊन आली होती. ज्ञानबा मिलमध्ये बदलीवर लागला आणि ती एका विणकराकडं मागासाठी कांड्या भरायला जाऊ लागली. कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप नाही. मनात आलं की ते बाहेर पडायचं, आणि पडायचं ते मोठ्यानं.

त्या संध्याकाळी कल्लप्पा गर्जना करत रंगमंचावर आला. पाय आपटले, फळ्या हादरल्या. "कोण आहे रे तिकडे! या पृथ्वीवर मला अडवणारा कोण आहे?" असं ओरडून त्यानं लोकांकडं बघितलं. दोन पावलं टाकली, पुन्हा "कोण आहे?" आणि पुन्हा लोकांकडं बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं तेच केलं तेव्हा बायकांच्या बाजूनं गोजाबाई म्हणाली, "आरं, किती येळा इचारतुयास? कुणी न्हाय तर चाल की म्होरं!"

आणि ती हसली. तिच्या शेजारची हसली, मग अख्खी बायकांची बाजू हसली. हसू दोरी ओलांडून पुरुषांत गेलं तेव्हा जॉबरला भिणाऱ्यांनी धोतराचा सोगा तोंडात धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. कल्लप्पाचं पुढचं वाक्य हुकलं. देवीनं त्रिशूळ मारला तेव्हा तो पडला खरा, पण तो पडल्यावरही कुणीतरी खुदखुदलं.

दुसऱ्या दिवशी फाटकात ज्ञानबाचं नाव घेतलं गेलं नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. आठवडाभर तो भोंग्याआधी जाऊन उभा राहायचा आणि ऊन चढल्यावर माघारी यायचा.

"जा आन् माफी माग," तो बायकोला म्हणाला. "तुज्या एका हसण्यापायी मी फाटकात भिकाऱ्यागत हुबा ऱ्हातुया."

"हसू आलं, हसले. त्यात माफी कसली?"

"मंग तूच जा मिलला."

तेवढं मात्र तिला लागलं. ती उठली आणि कल्लप्पाच्या घरी गेली.

कल्लप्पा ओसरीवर दाढी करत बसला होता. त्याची बायको सुंदरम्मा उंबऱ्यात गहू निवडत होती. गोजाबाईला बघून तिनं सूप खाली ठेवलं, पण ये म्हणाली नाही, की बस म्हणाली नाही.

"जॉबरसाहेब, माज्या नवऱ्याचं काम का बंद केलंसा?"

कल्लप्पानं आरशातूनच विचारलं, "यारु? कोण तू?"

"हसलेली बाई."

वस्तरा थांबला. तो वळला. "मंडळाच्या सगळ्या लोकांसमोर ये आणि म्हण, लोहकंठासुर बघून मी भ्याले. भ्याले म्हणून वेड्यासारखी हसले. मग बघतो नवऱ्याचं."

"भ्याले न्हाय तर म्हनू कशी?"

"का नाही भ्यालीस?" हे त्यानं रागानंच विचारलं, पण त्या रागात खरा प्रश्न होता. बारा वर्षं तो राक्षस करत होता आणि हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

गोजाबाईनं सांगितलं. उभ्याउभ्याच, पदर कमरेला खोचून.

"दुष्काळात आमच्या मेंढरांवर लांडगा यायचा. राती न्हाय, भर दुपारी. एका पायानं लंगडा. कुत्री भुकली आन् भुकून भुकून मागं सरली. मी गोफण मारली. धोंडा बरगडीत बसला, त्याचा आवाज मला आला. त्यानं मान बी वळवली न्हाय. कोकरू उचललं आन् गेला. पळाला न्हाय, चालत गेला. दुसऱ्या दिशी आला, तिसऱ्या दिशी आला. मी वरडले, धोंडं मारलं, जळतं लाकूड घिऊन आडवी झाले, तर मला वळसा घालून गेला. झुडपाला घालावा तसा. त्याच्या लेखी मी हुतेच कुटं?"

"मग?" उंबऱ्यातून सुंदरम्मानं विचारलं.

"मंग काय! कोकरं सरली, तसा यायचा थांबला." गोजाबाई पुन्हा कल्लप्पाकडं वळली. "तुमचा राक्षेस दर दोन पावलांनी बघतुया, लोकं भ्याली का न्हाय म्हून. ज्याला कुणी आडवू शकत न्हाय, त्यानं कशाला बघावं? वरडावं तरी कशाला?"

कल्लप्पाच्या गालावरचा साबण वाळून गेला होता. "झालं तुझं? मला शिकवायला आलीस होय? मेंढरामागनं आलेली बाई! होगु. चल निघ. आणि नवऱ्याला सांग, त्या फाटकात पुन्हा तोंड दाखवू नको."

अशी ती माफी मागून आली. ज्ञानबा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. बाजारात पोती उचलायला लागला आणि संध्याकाळी पाठ शेकताना तिच्याकडं न बघता लांडग्याला शिव्या देऊ लागला, कारण त्या दुपारी ओसरीवर काय बोलणं झालं ते पेठभर झालं होतं. नळावर बायका तिला जागा देईनात. जॉबरशी वाकडं घेतलेल्या घराशी बोलणं म्हणजे आपल्या नवऱ्याची बदली घालवणं, हे ज्याला त्याला कळत होतं. गोजाबाईही काही कमी नव्हती. कुणी घागर पुढं सरकवली की ती लाथेनं मागं सरकवायची.

वर्ष गेलं. शहात्तरचं नवरात्र आलं, सातवी माळ आली. ज्ञानबा म्हणाला, "तू जायाचं न्हाय." म्हणूनच ती गेली, आणि पुढं जाऊन बसली.

पहिला अर्धा तास नेहमीसारखा गेला. ऋषी आले, होम पेटला. मग कल्लप्पा आला, तो आला हे आधी कुणाला कळलंच नाही. गर्जना नाही, पाय आपटणं नाही. चेहऱ्याला रंगही थोडाच लावलेला. तो एका पायानं किंचित लंगडत चालत आला, होमापाशी थांबला आणि पायानं होम सारून पुढं गेला. ऋषीचं काम करणाऱ्यानं पाठ केलेला शाप दिला. कल्लप्पानं त्याच्याकडं बघितलं नाही. वाटेतली खुर्ची बाजूला करावी तसा हात लावून त्याला बाजूला केलं. राजा तलवार उपसून आडवा आला, तर त्याला वळसा घातला.

कुठंतरी एक पोर रडायला लागलं. आईनं त्याला गप्प केलं नाही. तिचंही तिकडं लक्ष नव्हतं. मिलमधले बाप्ये, जे बारा वर्षं नुसतं घाबरल्यासारखं करत होते, ते आता खरोखर गप्प होते. गोजाबाईनं ओळखलं. तीच चाल, तीच न वळणारी मान. तिनं जे चार वर्षं कसंबसं मागं सोडलं होतं, ते त्या माणसानं ओसरीवरून उचललं आणि देवीपुढं आणून उभं केलं. तिला भीती वाटली, आणि आपल्याला भीती घातली म्हणून त्याच्याविषयी असा द्वेष वाटला की दात आवळले गेले.

मग देवी आली. सिद्धारामनं त्रिशूळ रोखला, आपलं भाषण म्हटलं आणि कल्लप्पाच्या छातीवर त्रिशूळ टेकवला. इथं राक्षसानं पडायचं होतं.

कल्लप्पा पडला नाही.

सिद्धारामनं पुन्हा मारला. लाकडाचा त्रिशूळ, पण या वेळी जरा जोरात. कल्लप्पा चालतच राहिला. सिद्धाराम एक पाऊल मागं सरला, दुसरं सरला. विंगेतून मंडळाचा अध्यक्ष गुरुसिद्धप्पा दबक्या आवाजात म्हणाला, "पड की रे, पड!" सगळ्यांना ते ऐकू आलं. कल्लप्पाला आलं नाही, किंवा आलं तरी त्याच्या लेखी गुरुसिद्धप्पा नव्हताच. देवी मागं सरत सरत फळीच्या कडेला आली आणि खाली उतरली. देवीच्या नवरात्रात, देवीच्या देवळासमोर, राक्षसापुढून देवी पळाली.

आधी कुणाला काय करावं ते सुचेना. मग एक म्हातारी ओरडली, "आरं मुडद्या, पड!" मागून एक चप्पल आली, मग नारळाची करवंटी. करवंटी कपाळाला लागून रक्त आलं, तरी त्यानं मान वळवली नाही. तेव्हा मात्र पुरुष उठले. वर्षानुवर्षं फाटकातून माघारी गेलेले कितीतरी जण त्यांत होते. दोघांनी मंडपाचे बांबू उपसले. आता हे नाटक राहिलेलं नाही, आणि हा माणूस इथं मरणार, हे गोजाबाईला दिसलं. तो मेला तर तिचं काही जाणार नव्हतं. तरी ती उठली.

तिनं खाली उभ्या सिद्धारामच्या हातातून त्रिशूळ हिसकला, फळीवर चढली आणि कल्लप्पाच्या समोर जाऊन उभी राहिली. केस सुटलेले, पदर खोचलेला. लोक जागच्या जागी थांबले.

तो तिलाही वळसा घालायला निघाला. तिनं त्याचा दंड धरला आणि कानाशी जाऊन म्हणाली, "लांडगा भुकेला हुता, म्हून थांबत नव्हता. तुला काय झालंय? उद्या भोंग्याला जायाचंय तुला. ही मानसं जीव घेत्याल तुजा. पड, मुकाट्यानं."

कल्लप्पानं मान वळवली. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात राक्षस नव्हता की जॉबर नव्हता. गर्दीत वाट चुकलेल्या माणसासारखे डोळे होते. तिनं त्रिशूळ छातीवर टेकवला. तो गुडघ्यावर आला आणि मग आडवा झाला.

"आई राजा उदो उदो!" गर्दी एका दमात ओरडली. ज्यांनी बांबू उपसले होते त्यांनी ते टाकून हात जोडले. बायका फळीवर धावल्या आणि गोजाबाईच्या पाया पडू लागल्या. जिला नळावर जागा नव्हती तिच्या कपाळाला मळवट भरला गेला.

"माज्या अंगात कुणी न्हाय आलेलं!" ती ओरडली. "मीच हाय ही, गोजाबाई! सोडा!" पण अंगात आलेली बाई असंच काहीबाही बोलते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फाटकात पहिलं नाव ज्ञानबाचं घेतलं गेलं. कल्लप्पानं नाव घेताना वर बघितलं नाही. कपाळाला पट्टी होती. ज्ञानबा हरखून घरी आला, तर गोजाबाईनं ताट आपटलं. हक्कानं मागितलं तेव्हा मिळालं नाही, ते आता देवीच्या धाकानं मिळालं, हे तिला सोसेना. दर मंगळवारी कुणी ना कुणी नारळ घेऊन दाराशी यायचं. ती त्यांना हाकलायची. हाकलल्यानं तिचा दरारा वाढतच गेला. मंडळानं राक्षसाचं काम पोस्टातल्या एका कारकुनाला दिलं. तो छान गर्जना करायचा आणि वेळेवर पडायचा.

दिवाळीच्या आसपास नळावर सुंदरम्मा भेटली. बाकीच्या बायका गोजाबाईला बघून लगबगीनं बाजूला झाल्या होत्या. ही एकटीच हलली नाही. तिच्या डोळ्यांत भक्ती नव्हती.

"त्याला ते चालणं तू शिकवलंस," सुंदरम्मा म्हणाली.

"मी सांगितलं. शिकला त्येचा त्यो."

"वर्षभर घरात तसाच चालायचा, अक्का. सवय व्हायला पाहिजे म्हणायचा. मी ताट वाढलं तर बघायचा नाही. पोरगी तापानं फणफणली, पायाशी आली, तर तिला वळसा घालून गेला. मी रडले, ओरडले, तवा फेकून मारला. माझ्याकडं बघितलं नाही." तिनं घागर नळाखाली लावली. "तुझ्या लांडग्यानं तीनच दिवस कोकरं नेली."

घागर भरत आली तसा पाण्याचा आवाज बदलत गेला.

"आता?" गोजाबाईनं विचारलं.

"आता बघतो. शिव्या घालतो, भाजीत मीठ जास्त झालं की ओरडतो." सुंदरम्मानं घागर उचलून कमरेवर घेतली. "बरं वाटतं ओरडलं की. पण तू माझ्या दारात पुन्हा येऊ नको."

"न्हाय येत," गोजाबाई म्हणाली, आणि सुंदरम्मा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहिली.