आपल्यातले म्हणून फीमाफी

त्या माणसाचं तोंड आठवलं तरी मला अजून किळस येते. तंजावरहून पापनाशम गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक मोठी खाजगी शाळा आहे, तिचा तो मालक. आमच्याकडे अशा मालकाला करस्पाँडंट म्हणतात. माझ्या मुलीला दहावीत भरघोस मार्क पडले, तेव्हा त्यानेच निरोप धाडला, अकरावीला आमच्याकडे घाला, अर्धी फी माफ. तिथली प्रयोगशाळा बघून आल्यापासून पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. पण उरलेली अर्धी भरणंसुद्धा आम्हाला जड होतं. म्हणून पूर्ण माफी मागायला मी तिला घेऊन गेले.

आम्ही तंजावरचे मराठी लोक, आणि आमची एक पिढीजात खोड आहे. साडीचं दुकान असो की भांड्यांचं, भाव तमिळमध्ये करायचा आणि कुठवर ताणायचं ते दुकानदाराच्या देखत मराठीत ठरवायचं. त्याला काय कळतंय! त्या दिवशी मी तेच केलं.

"सर, दुसऱ्या शाळाही बोलावतायत. पूर्ण माफ करा, इथेच घालते," मी तमिळमध्ये म्हटलं. तो जरा घुटमळला. पाऊण करता येईल का बघतो, म्हणाला. मी लगेच मुलीकडे वळून मराठीत म्हटलं, "मेला चढतोय बघ. पाऊण मिळाली तर सोन्याहून पिवळं. नाहीच ऐकलं तर अर्धीवर घालू, माझ्या बांगड्या आहेत की." पोरीने मान हलवली.

आणि हा बाबा खुर्चीत मागे रेलला. "अर्धीच. त्याच्यावर काही नाही." मी विनवलं, मार्कांचा कागद पुन्हा पुढे सरकवला, पण ढिम्म! वर गालातल्या गालात हसत होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "जेवलीस का गं आई? गोळी घेतलीस?" मराठीत! आमचीच मराठी, आमचाच हेल. अंगावर पाल पडावी तसं झालं मला.

"तुम्ही मराठी?" त्याने फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"मग! घरात आम्ही मराठीच बोलतो." लाज नाही, शरम नाही. "बांगड्या आहेत म्हणालात, तेव्हा म्हटलं, यांचं काही अडत नाही."

शी! माझं डोकंच फिरलं. "आई मुलीशी बोलते ते चोरून ऐकता आणि त्यावर भाव पाडता? लावा तुमच्या आईला फोन, लेकाचे गुण सांगते तिला. आपली माणसं या गावात मोजकी. लग्नात, बारशात जिथे भेटतील तिथे सांगेन. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आधीच सांगून ठेवते!"

तो चपापला. मग जे हसला ते त्याहून ओंगळ. "चिडता काय अक्का? आपल्यातल्याच ना तुम्ही. आधी बोलायचं!"

"आधी काय बोलायचं? ऐकत होतात की बसून!"

ते त्याने कानाआड केलं. "पूर्ण माफ," म्हणाला आणि तिथल्या तिथे सही ठोकली. "फक्त बाहेर बोलू नका. सगळे रांग लावतील." शिपायाला कॉफी आणायला सांगितली. ती कॉफी मी तशीच टेबलावर ठेवून उठले. हवं होतं ते हातात आलं होतं, आणि तोच हात धुऊन टाकावासा वाटत होता.

बाहेर बाकावर एक बस कंडक्टर आपल्या मुलीला घेऊन बसला होता. आमच्या आधी आत जाऊन आला होता. आपल्या मुलीचे मार्क त्याने मघाशीच कौतुकाने सांगितले होते, माझ्या मुलीपेक्षा जास्तच होते. "तुम्हाला किती फी सोडली?" त्याने विचारलं. "आम्हाला अर्धी म्हणाले. जमणार नाही. परत जावं म्हणतो."

मी पर्स काखेत दाबली. आम्हालाही अर्धीच, असं जिभेवर आलं होतं. पण पोरीने मला तोंड उघडू दिलं नाही.

"मला पूर्ण सोडली, अंकल," ती खणखणीत तमिळमध्ये म्हणाली. "परत आत जा. तुमच्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त मार्क आहेत, मग तिला कमी का, विचारा त्यांना."

तो उठला. मग मुलीचा हात धरून सरळ आत गेला.

मी पोरीचा दंड धरला. "अगं भवाने, आता तुझीही काढून घेईल तो!"

"घेऊ दे," ती म्हणाली. "ती तुझ्या बोलण्याला दिली, अम्मा. माझ्या मार्कांना त्याने अर्धीच दिली होती."

आणि त्या मुलीच्या जागी बाकावर जाऊन बसली. चल म्हटलं तरी उठेना.