डोमाजीची कडू बाटली

"डॉक्टर, हा माणूस मला साइटवर नको." इंजिनिअरसाहेबांनी डोमाजीला माझ्यासमोर उभं केलं. डोमाजी भंडाऱ्याकडचा, रिगर गँगचा मुकादम. रिगर म्हणजे दोरखंड, कप्प्या लावून अवजड लोखंड वर चढवणारे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीचं, काम ऐन भरात होतं आणि याच्या कनवटीला अफूची डबी सापडली होती.

"एक महिना द्या," मी म्हणालो.

"दिला. नाही सुटली तर गावाकडचं तिकीट."

त्या काळी बहुतेक जण एकच इलाज करत. डबी हिसकावा, माणूस कोंडा. मीही तरुण, शहाणपण उतू चाललेलं. तेच केलं. तिसऱ्या दिवशी डोमाजीला उलट्या, जुलाब, पोटात कळा. नर्सनं कॉलरा समजून त्याला वेगळ्या तंबूत हलवलं! चूक माझी होती. वर्षानुवर्षं मुरलेली अफू अंग एका झटक्यात सोडत नाही. मला फार लाज वाटली.

दुसरा मार्ग म्हणजे अफूचाच अर्क मोजून द्यायचा आणि हळूहळू कमी करायचा. पण डोमाजीनं धसका घेतला होता.

"आज कमी देलं असं समजलं, का मी मेलोच जी."

"मग तुम्हाला समजूच देणार नाही. घोट तेवढाच राहील. अर्क कधी कमी केला ते सांगणार नाही. मंजूर?"

"मंजूर जी."

तेव्हा औषधाच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. डोमाजी रोज माझ्यासमोर खाच बघून प्यायचा आणि वर न चढता खालीच दोर तपासायचा. मी अर्क घटवत गेलो, चवीला तितक्याच कडू काडेचिराईताचा काढा वाढवत गेलो.

महिना भरला त्या दिवशी साहेब स्वतः दवाखान्यात आले. डोमाजी हजर होताच.

"पयले माही दवा द्या जी, मंग बोला."

"डोमाजी, आठ दिवस झाले, यात अफूचा थेंब नाही. नुसता काडेचिराईत."

तो भडकला. "मंग आठ दिवस हे कडू जहर मले कावून पाजून राहिले?"

साहेबांना हसू आवरेना. मला तर डिग्री मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात डोमाजीच्या शिट्टीवर भलामोठा पाइप फर्नेसवर चढला. मी ते खाली उभं राहून पाहिलं.

पुढे अनेकांवर हाच इलाज केला. काही परत अफूकडे गेलेही. पण एक शिकलो. डबी हिसकावायला दोन मिनिटं लागतात, अफू सुटायला महिना. आणि तो महिना आधी साहेबाकडून मागून घ्यावा लागतो.