सिनेट शिकवणारे सर

आमच्या कॉलेजात अमेरिकेची संसद अठरा वर्षं एकाच माणसानं शिकवली, आणि तो माणूस कॉलेजचा नव्हता. म्हणजे कागदावर नव्हता. सर तासिका तत्त्वावर होते. जेवढे तास घेतले तेवढ्याचं मानधन, उन्हाळ्यात काही नाही, आणि दर जूनला नव्यानं मुलाखत. ते कोडोलीहून सकाळच्या एसटीनं यायचे. मी विभागप्रमुख, कायम नोकरीतली, मंगळवार पेठेतून चालत येणारी. तरी माझ्या आधी तेच वर्गात असायचे.

तो धडा मला कधी रंगवता आला नाही. सर येण्याआधी मी सांगायची, दोन सभागृहं, प्रतिनिधिगृह आणि सिनेट. एकात चारशे पस्तीस सभासद, दुसऱ्यात शंभर. मुलं लिहून घ्यायची आणि विसरायची. सर भावकीतून सुरुवात करायचे. थोरल्याला आठ पोरं, धाकट्याला एक. पंगतीत पोरं मोजून वाढायचं, ते प्रतिनिधिगृह. ज्या राज्यात माणसं जास्त, त्याच्या जागा जास्त. पण बांधाचा निकाल करताना थोरल्या घराला दोन मतं आणि धाकट्यालाही दोनच, ते सिनेट. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा माना डोलवायची. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्यांच्या नेमणुकीला दर वर्षी विद्यापीठाची मान्यता घ्यावी लागायची. तो प्रस्ताव पाठवणं माझं काम. सुरुवातीची वर्षं मी पाठवला, मग एका वर्षी राहून गेला. सर काय, घरचेच, पुढच्या वर्षी बघू, असं मी मनाशी म्हटलं. नव्यानं आलेल्या माणसाचे कागद मी चोख करायची. परक्याचं काम वेळेत आणि घरच्याचं सवडीनं, ही आपल्याकडची जुनीच रीत. त्या सवडीत मधली सात वर्षं गेली; पुढं मी पुन्हा प्रस्ताव पाठवू लागले, पण मागचे राहिले ते राहिलेच. सरांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मग एका जूनला मुलाखतीला एक तरुण मुलगीही आली. हुशार होती, पीएच.डी. झालेली. तोवर सरांची मुलाखत म्हणजे चहा पिऊन सही करण्यापुरतीच असायची. त्या दिवशी मात्र गुणांचा तक्ता टेबलावर होता. अनुभवाला गुण होते, पण मान्यता असलेल्याच वर्षांना. ती नोकरी गेली, तर पन्नाशी ओलांडलेल्या सरांना दुसरं कॉलेज दारात उभं करणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी त्यांना अमेरिकेच्या संसदेवरच विचारलं. सर छान बोलले. प्रतिनिधिगृह दर दोन वर्षांनी सगळंच नव्यानं निवडून येतं. सिनेटरची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागांचीच निवडणूक. त्यामुळे सिनेट कधी पूर्ण रिकामं होत नाही. कराची विधेयकं खालच्या सभागृहात सुरू होतात, परदेशांशी तह आणि मोठ्या नेमणुकांना सिनेटची संमती लागते. खरं काम समित्यांमध्ये चालतं. तज्ज्ञ खूश झाले. सभासदांना सवलती काय मिळतात, असं त्यांनी पुढं विचारलं.

पगार, कार्यालय, हाताखाली माणसं, मतदारांना स्वतःच्या सहीवर मोफत टपाल, असं सर सांगत गेले. "आणि पाच वर्षं सेवा झाली, की वय झाल्यावर पेन्शन," असं म्हणून ते थांबले.

तज्ज्ञांनी हसत विचारलं, तुमची इथं किती वर्षं झाली? सर म्हणाले, अठरा. तज्ज्ञांनी फाईल चाळली. त्यांना अकराच दिसत होती. मधली सात कुठं गेली, असं त्यांनी विचारलं.

चूक माझी आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. प्राचार्य शेजारी बसले होते. माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, चौकशी लागली तर माझे पेन्शनचे कागद अडकले असते. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. सरच म्हणाले, मध्ये खंड पडला असेल. थोडक्या गुणांनी नेमणूक त्या मुलीला गेली.

पुढच्या वर्षी माझ्या निरोप समारंभाला ते आले. आता गावच्या दूध संस्थेत लिखापढी करत होते. बोलायला उठले आणि म्हणाले, मॅडमांनी मला अठरा वर्षं घरच्यासारखं सांभाळलं. टाळ्या पडल्या.

फाटकापाशी गाठून मी त्यांना सगळं सांगितलं. प्रस्ताव मी पाठवले नव्हते, आणि मुलाखतीत कळत असून गप्प बसले.

"ठावं हाय की, मॅडम," ते म्हणाले. "मुलाखतीच्या आदल्या दिशीच क्लार्ककडं फाईल बघितल्ती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमची पेन्शन अडकली असती."

त्यांच्या एसटीची वेळ झाली होती, ते गेले. गेल्या महिन्यापासून माझी पेन्शन सुरू झाली आहे. ती सरांनी दिलेली आहे.